ढग्याचा वाटा

ढग्या आमच्या घरी दक्षिणा म्हणून आला. थट्टा नाही करत. माझे श्रीपादकाका भिक्षुकी करतात. देवासमधल्या कितीतरी मराठी घरांची श्राद्धं, सत्यनारायण, वास्तुशांती त्यांच्याकडे असतात आणि धारचे फत्तेसिंगराव हे त्यांचे सगळ्यात जुने यजमान. चैत्रात त्यांच्याकडे पूजेला गेलेले काका बसमधून उतरले ते एका हातात पूजेची पिशवी आणि दुसऱ्या हातात वेताची टोपली घेऊन. टोपलीतून एक काळं नाक बाहेर आलं होतं.

"'नारळ तर सगळेच देतात गुरुजी,' राव मला म्हणाले. आता मी काय नाही म्हणणार?"

आईने टोपलीत वाकून पाहिलं. "भाऊजी, हे मोठं झाल्यावर केवढं होतं?"

"मध्यम," काका म्हणाले.

ग्रेट डेन जातीच्या कुत्र्याला मध्यम म्हणणारा माणूस जगात एकच असेल. काकांनी लग्न केलं नाही, ते खालच्या खोलीत एकटे राहतात, आणि त्या टोपलीकडे ते ज्या नजरेने बघत होते ती बघून आईने टोपली आत घेतली. नाव मी ठेवलं. अंगभर काळा, कुठे एक पांढरा केस नाही, म्हणून ढग्या.

त्या वर्षी मी नुकतीच बोलायला लागले होते. मतलब, बोलता आधीपण यायचं, पण नववीपर्यंत वर्गात कुणी माझं नाव विचारलं तरी मी पायाच्या अंगठ्याकडे बघायचे. मग शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात निवेदन करणारी मुलगी ऐनवेळी आजारी पडली, मला माइकसमोर ढकललं गेलं, आणि तेव्हापासून आई म्हणते की हिचं बंद करायचं बटण कुणीतरी शोधा. त्यामुळे ढग्याच्या खाण्याचं खातं मी स्वतःच स्वतःकडे घेतलं.

आधी आम्ही जनावरांच्या डॉक्टर अल्पनामॅडमकडे गेलो. त्यांनी ढग्याचा पंजा आपल्या तळहातावर ठेवून बघितला आणि म्हणाल्या, "याला घाईने वाढवायचं नाही. मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं कच्ची असतात आणि वजन आधी येऊन बसतं. एवढ्या वयात कॅल्शियम जास्त झालं तर ते शरीराला नीट अडवता येत नाही, जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंच घेतलं जातं. थैलीवर मोठ्या जातीच्या पिल्लांसाठी असं लिहिलेलं असेल तेच कोरडं खाणं घे. कॅल्शियम टक्का, सव्वा टक्का. वरून टॉनिक नाही, दूध नाही, हाडांची पावडर नाही."

"आणि किती?" मी विचारलं.

"बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत इतपत. बारीक दिसला तरी चालेल. लोक बोलतील, बोलू दे."

कुशल भियाच्या पशुखाद्याच्या दुकानात मी बादली उलटी घालून तिच्यावर बसले आणि थैल्यांच्या पाठी वाचायला लागले. भियाने आपणहून एक मोठी चकचकीत थैली पुढे केली.

"हे ने. सगळ्या जातींच्या पिल्लांना चालतं. प्रोटीन ज्यादा, कॅल्शियम ज्यादा. पावसाळ्यापर्यंत घोडा होतो की नाही बघ."

"आम्हाला घोडा नकोय भिया. कुत्रा पाहिजे."

"अगं, तेवढं कुणी वाचत नाही."

"मी वाचते ना."

एकीत कॅल्शियम फार, एक मोठ्या कुत्र्यांसाठी होती पण वयात आलेल्या, एकीवर टक्का लिहिलेलाच नव्हता. शेवटी मागच्या फळीवरून धूळ झटकत भियाने हवी ती काढून दिली. काका इतका वेळ दाराशी उभे होते. म्हणाले, "तू एवढीशी होतीस तेव्हा तुझ्या पेजेचासुद्धा कुणी इतका अभ्यास केला नव्हता." पण त्यांना कौतुक वाटलं होतं, ते कळत होतं.

आणि काकांनी माझं ऐकलं, अक्षरशः. एक पितळेची वाटी त्यांनी ढग्यासाठी वेगळी काढली. तिच्यात दाणे भरायचे, वरून बोट फिरवून सपाट करायचे, मग ताटलीत. काकांची पूजा होईपर्यंत ढग्याने उंबऱ्याच्या अलीकडे थांबायचं, कारण सोवळं. घंटा वाजली की उठायचं, म्हणजे आता वाटी येणार. तो वाढत होता, लांबलचक, पायच पाय, आणि बरगड्या हाताला लागत होत्या.

श्रावणातल्या एका शनिवारी शेजारच्या प्रमोदिनीमावशी फाटकाशी आल्या. त्यांच्या यजमानांना साडेसाती होती आणि कुणीतरी सांगितलं होतं की काळ्या कुत्र्याला दूध-पोळी घाला.

"सगळा काळा कुत्रा मिळतो कुठे गुरुजी? गल्लीतल्या एकाचं शेपूट पांढरं, एकाचे पाय पांढरे."

"आमचा आहे की," काका म्हणाले. छाती अशी काही फुगली होती की जणू रंग त्यांनीच दिलाय.

पुढच्या शनिवारी तिघी आल्या. मग ज्यांना साडेसाती नव्हती तेही यायला लागले. मी म्हटलं, "काका, मॅडम काय म्हणाल्या होत्या?"

"अगं, तो काही खुराक नाही. खुराक मी मोजूनच घालतो, तू बघतेस ना. हा वाटा आहे. श्रद्धेने आणलेलं."

खरं सांगते, मला ते पटलं. आमच्या घरी एकादशीला ताटभर साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी, वर दाण्याचा लाडू खाऊन सगळे म्हणतात की आज काही खाल्लं नाही. कुणी खोटं बोलत नसतं. ते खाण्यात मोजतच नाहीत. तसंच ढग्याचं झालं. वाटी सपाट होती, तेवढं पुरे होतं.

मग पितृपक्ष आला. काकांचे हे दिवस म्हणजे पहाटेपासून पळापळ. कावळ्याचा घास, गाईचा घास, कुत्र्याचा घास. कावळा येतो, गाय सापडते, पण गल्लीतले कुत्रे ऐनवेळी कुठे जातात देव जाणे. एका यजमानांना काका म्हणाले, "काळजी नको, पान आमच्याकडे आणून ठेवा. काळा आहे, उत्तम." हे बोलणं काका घरी यायच्या आत गावभर पोचलं. मी शाळेतून येईपर्यंत फाटकाशी पानांची रांग. खीर, वडे, कढीभात, भोपळ्याची भाजी. मी खिरीतले बेदाणे वेचून काढायचे, कारण ते कुत्र्याला वाईट असतात हे मला माहीत होतं. खीर राहू द्यायचे.

"केवढा झालाय," लोक म्हणायचे. "गुरुजींच्या घरचं अन्न लागतंय."

काका फुलून यायचे. मीपण.

पक्ष संपायला थोडे दिवस राहिले असताना एका सकाळी घंटा वाजली आणि ढग्या उठला नाही. उंबऱ्यापाशी मान वर करून बघत राहिला. पुढच्या पायांचे सांधे सुजले होते आणि पंजे बाहेरच्या बाजूला वळले होते. कधीपासून, ते कुणालाच सांगता आलं नाही.

अल्पनामॅडमनी एक्स-रे काढला, अंगाला हात लावला, ताप होता. "खाणं बदललं का?"

मी लगेच मोबाइलमधला थैलीचा फोटो पुढे केला. "तेच आहे मॅडम, तेच, वाटीपण तीच."

त्यांनी माझा हात धरून ढग्याच्या कुशीवर ठेवला. "मग बरगड्या कुठे गेल्या?"

माझ्या हाताला नुसतं मऊ लागत होतं. काका भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "शनिवारी थोडं दूध असतं. आणि आता पक्षाची पानं."

"किती पानं?"

काका कॅलेंडरवरचे पक्षाचे दिवस बोटाने मोजायला लागले. मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "हे फक्त खाण्यामुळेच झालं असं मी सांगणार नाही. मोठ्या जातीत असं होतं कधी कधी. पण एवढं वजन त्या पायांवर नसतं तर इतकं झालं नसतं."

"सरळ होतील?" काकांनी विचारलं.

"दुखणं कमी होईल. वजन उतरवा. पूर्ण सरळ होतील असं म्हणवत नाही मला."

घरी आलो तर फाटकाशी पान ठेवलेलं. मी तशीच प्रमोदिनीमावशींकडे गेले आणि माइकवर बोलते तसं सगळं सांगितलं, कॅल्शियम, सांधे, एक्स-रे. त्यांनी ऐकून घेतलं.

"बरोबर असेल ग तुझं. पण गुरुजींनी सांगितलंय ना. ते म्हणू देत, मग बंद."

दुसऱ्या घरीही हेच. तिसऱ्या घरी तर मला बसायला लावून खीर दिली. मी परत येऊन काकांना म्हटलं, "तुम्हीच सांगायला पाहिजे."

ते ढग्याचे पाय शेकत बसले होते. "काय सांगू? मधेच म्हणू की कुत्र्याला घालू नका, माझं चुकलं? त्यांना वाटेल आधी घातलेलं पोचलंच नाही. कुणाची आई गेलीये, कुणाचा मुलगा. उर्वी, लोक माझ्या शब्दावर रडायचे थांबतात."

मग ते पान घ्यायचे आणि मागच्या दाराने गाईला नेऊन द्यायचे. पण दुपारी ते असायचे श्राद्धांना, मी शाळेत. लोक फाटकातून हात घालून पान आत सरकवायचे आणि ढग्या सरपटत तिथवर जायचा.

सर्वपित्री अमावास्येला काकांना धारला जायचं होतं. मला सुट्टी होती, मी बरोबर गेले. फत्तेसिंगरावांच्या अंगणात पाय ठेवला आणि समोरून ढग्या धावत आला. अगदी ढग्याच, पण कमरेत बारीक, आणि पुढचे पाय खांबासारखे सरळ. ढग्याचा भाऊ, त्याच टोपलीतला. त्याचं नाव फौजदार.

"बारीक वाटतो ना?" फत्तेसिंगराव हसले. "पाहुणे म्हणतात, राव, कुत्र्याला उपाशी ठेवता काय. पण डॉक्टर मोजूनच घालायला सांगतात. आमचा दुसरा कसा आहे गुरुजी? याच्याहून दांडगा असेल."

काका फौजदारच्या पायांकडे बघत होते. हात पुढे झाला होता, पण पूजेला बसायचं होतं म्हणून मागे घेतला.

"पाय वाकलेत त्याचे," ते म्हणाले. "माझ्या हातून झालं."

फत्तेसिंगरावांनी काकांना पाट दिला.

श्राद्ध झालं. फत्तेसिंगरावांच्या पत्नी राजाबाईसाहेब कुत्र्याचं पान घेऊन फौजदारकडे वळल्या आणि काका मंत्र म्हणतात त्या आवाजात म्हणाले, "त्याला नका घालू."

"मग कुणाला घालायचं?"

"फाटकाबाहेर ठेवा. बाहेरचा, भुकेला असेल तो खाईल. वाटा त्याचा आहे. याचं पोट भरलेलं आहे."

"हे कधी सांगितलं नव्हतंत गुरुजी."

"नाही सांगितलं," काका म्हणाले.

परतीच्या बसमध्ये मला सारखा खिरीतून बेदाणे वेचणारा माझा हात आठवत होता.

घराशी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. प्रमोदिनीमावशी फाटकात वाकून पान आत सरकवत होत्या. "बघा, किती शहाणा झालाय. पूर्वी अंगावर उडी मारायचा, आता कसा बसून राहतो."

"त्याला उठवत नाही म्हणून बसलाय," काका म्हणाले. त्यांनी वाकून पान उचललं आणि मावशींच्या हातात परत दिलं. "हे कोपऱ्यावरच्या कुत्र्यांना घाला. शेपूट पांढरं असलं तरी चालतं. आणि सगळ्यांना सांगा, मी सांगितलंय म्हणून. आमच्याकडे आणा म्हणालो ते माझं चुकलं."

मावशींचा चेहरा उतरला. "म्हणजे आमच्या सासूबाईंना इतके दिवस..."

"पोचलं. सगळ्यांचं पोचलं. सोसलं नाही ते फक्त याला."

मावशी पान सांभाळत कोपऱ्याकडे गेल्या. काका आत जाऊन पितळेची वाटी घेऊन आले, बोट फिरवून सपाट केली, मग मॅडमनी सांगितल्याप्रमाणे त्यातली मूठभर थैलीत परत टाकली. घंटा वाजवली नाही. ताटली ढग्याच्या तोंडाशी नेऊन ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, आणि तो बसल्या जागीच खायला लागला, पुढचे दोन पाय दोन दिशांना ठेवून.