स्पृहाचे शब्द आणि मी

मित्रांनो, मी एक जुने जनुक आहे. माणूस बोलायला लागला त्याच्याही कितीतरी आधीचे. मला ग्रिन-टू-ए म्हणतात. मेंदूतल्या पेशींवर इवलेसे दरवाजे असतात. त्यांचा एक भाग कसा घडवायचा, हे माझ्यात लिहिलेले असते. शेजारच्या पेशीचा निरोप आला की दरवाजाने उघडायचे आणि वेळेवर मिटायचे. माणसाचे शिकणे, बोलणे यावरच तर चालते!

पिढ्यान्पिढ्या हे काम बिनबोभाट झाले. पण जर्मनीतल्या फ्रँकफर्टला राहणाऱ्या स्पृहात माझे एक अक्षर बदलले आणि दरवाजे नीट मिटेनात. झोपेत तिच्या मेंदूत विजेचा गोंधळ माजे. पाचव्या वर्षी तिचे शब्द एकेक करून जाऊ लागले.

तिच्या बाबांना, गौरांगला, वाटले की दोन भाषांमुळे पोरगी गोंधळली. तो म्हणाला, "आजपासून घरात फक्त डॉइच, जर्मनच बोलायचं. मराठी बंद."

"अरे, माझं डॉइच बेकरीत ब्रेड मागण्यापुरतं," स्पृहाची आई सुरुची म्हणाली. "लेकीला जवळ घेऊन काय बोलू मी?"

ती गप्पच झाली. लाड थांबले, रागावणेही थांबले. आपणच मराठी शिकवून पोरीचे वाटोळे केले, असे ती मनाशी म्हणे. चोर सोडून संन्याशाला फाशी! चोर तर मी होते. स्पृहाच्या पेशीपेशीत होते, पण मला तोंड नाही. इतके एकटे मला कधीच वाटले नव्हते.

आठ महिन्यांनी, २०१४ साली, डॉक्टरांनी तिच्या डोक्याला तारा लावल्या, रक्त तपासले आणि मी सापडले.

सुरुचीने मोडक्या जर्मनमध्ये एवढेच विचारले, "म्हणजे माझ्या मराठीमुळे नाही?"

"नाइन, अजिबात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आवाज तिला ऐकू येतो, मेंदूला त्याचा अर्थ लागत नाही. तरीही तुम्ही तुमच्या भाषेत बोला तिच्याशी."

घरी परतताना गौरांग ट्राममध्ये सर्वांसमोर रडला. त्या दिवशीच सुरुची मराठीत बोलू लागली. स्पृहा नुसती तिच्या ओठांकडे पाहत राहिली. औषधे सुरू झाली. वर्षाने पहिला शब्द परतला, "मिल्श."

"देते हं दूध, देते बाळा," सुरुची म्हणाली. तिला हुंदका आवरेना.

मित्रांनो, माझे अक्षर मला दुरुस्त करता येत नाही. म्हणून विनवते, एखादे मूल गप्प झाले तर त्याला डॉक्टरांकडे न्या, पण त्याच्याशी बोलणे तोडू नका. स्पृहाचा 'आई' हा शब्द अजून आलेला नाही. सुरुची रोज बोलते, आणि मीही वाट पाहते.