मराठीतच बोल

आमच्या घरात कन्नडची जागा उंबऱ्याबाहेर, चपलांशेजारी. विद्यानगरातली आमची सगळी गल्ली कन्नड, दूधवाला कन्नड, भाजी घेताना मीसुद्धा कन्नड. पण दार लावलं की मराठी. हा कायदा माझ्या नवऱ्याचा. शेषगिरी मास्तरांनी हुबळीत बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवली, आणि उरलेली घरी. आमच्या मुलीच्या, उत्तराच्या, तोंडून कन्नड वाक्य निघालं की एक पान शुद्धलेखन. पोरीचं अक्षर मोत्यासारखं का, ते मला विचारा.

तिला नवरा बघितला तोही पुण्याचा, अनिश. "शुद्ध मराठी घर," मास्तर म्हणाले. दोन हजार साली ती त्याच्याबरोबर अमेरिकेला गेली. दोन वर्षं झाली, एकदाही माहेरी आली नाही. तिकीट काढायचं ठरतं आणि रद्द होतं. पत्रात एकदा तिनं लिहिलं होतं, 'माझा पासपोर्ट अनिश कपाटात कुलूप लावून ठेवतो, किल्लीही त्याच्याकडेच असते.' मास्तर म्हणाले, "व्यवस्थित मुलगा आहे." मलाही तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू.

दर रविवारी सकाळी साडेआठला, म्हणजे तिकडे शनिवारी रात्री, फोन यायचा. तिकडे अनिश फोनचा आवाज खोलीभर मोठा करून तिच्या शेजारी बसायचा. सगळ्यांना बोलता येतं म्हणे. इकडे बोलायचे मास्तर. मी रिसीव्हरला कान लावून उभी.

मार्चमधल्या एका रविवारी बर्फाचं, भाजीचं सांगता सांगता त्याच सुरात उत्तरा म्हणाली, "अप्पा, ओंद मात हेळोदैती." म्हणजे, एक गोष्ट सांगायची आहे.

झालं! मास्तरांचा पारा चढला. "अगं, अमेरिकेत जाऊन कन्नड? मराठीतच बोल. जावईबापूंना काय कळणार?"

तिकडून अनिश हसला. "हो ना अप्पा, मलाही कळू दे की."

मग उत्तरा म्हणाली, "काही नाही अप्पा. सगळं छान आहे."

मास्तर खूश होऊन पेपर वाचायला बसले. मी मात्र फोनपाशीच उभी राहिले. वीस वर्षं जी मुलगी बापाच्या धाकानं घरात कन्नड बोलली नाही, तिला आज बापाशीच कन्नड का बोलावंसं वाटलं? अनिशला कळत नाही म्हणूनच ना? कपाटाची किल्ली मला तेव्हा आठवली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि तोंड दाबणारा हात आमच्याच घरचा. मास्तरांचा मला इतका राग आला की चार दिवस मी त्यांच्याशी 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलले.

पुढच्या रविवारी फोन वाजला तसा मीच उचलला. मास्तरांनी हात पुढे केला, मी पाठ फिरवली. "उत्तरा, मेतकूट पाठवू का?" असं मोठ्यानं म्हटलं आणि त्याच दमात कन्नडात विचारलं, "निनग अल्लि तोंदरे ऐतेनु?" तुला तिथे त्रास आहे का?

"हो आई."

"मनीगि बरतीयेनु?" घरी येतेस का?

"हो. हो आई. लवकर पाठव."

मास्तरांनी पुढे केलेला हात मागे घेतला. कन्नड त्यांनाही कळतंच की. मी घाईघाईनं विचारलं, "पासपोर्ट निन्न कडे ऐतेनु?" पासपोर्ट तुझ्याकडे आहे का?

विचारलं आणि जीभ चावली. पासपोर्टला कन्नडातही पासपोर्टच म्हणतात.

मग अनिशचा गोड आवाज आला. "आई, मेतकुटाला पासपोर्ट कशाला लागतो हो?" तोच पुढे म्हणाला, "आमच्या ऑफिसात एक हुबळीचा मुलगा आलाय. मंजुनाथ. दाजीबानपेठेत त्यांचं कापडाचं दुकान आहे. पुढच्या शनिवारी त्याला जेवायला बोलावलंय, फोनच्या वेळेला. म्हणजे तुम्ही मायलेकी काय बोलता ते तो मला सांगेल."

फोन बंद झाला.

आता ही फटही बुजली, असं म्हणून मी मटकन खाली बसले. पोर तिथे अडकलीय आणि मी इथे. मी डोळे पुसले आणि त्या एकाच गोष्टीचा विचार करत राहिले. दाजीबानपेठ. म्हणजे त्या मंजुनाथाची आई इथे, रिक्षानं वीस मिनिटांवर. शनिवारी त्या ताटावर बसण्याआधी त्याला सगळं कळायला हवं, आणि ते त्याच्या आईनंच सांगायला हवं.

मी उठून लुगडं बदललं, उत्तराची पत्रं पिशवीत घातली. दाराशी पोचले तर मास्तर आधीच चपला घालून उभे. चेहरा पांढराफटक.

"तू नको बोलूस, रडशील," ते म्हणाले. "त्या बाईंशी मी बोलतो. कन्नडात."