एकोणतिसावी फाइल

संगणकात अठ्ठावीस दिवसांच्या अठ्ठावीस फायली होत्या, प्रत्येकीत २८८ नोंदी. एकोणतिसावी अर्धवट, १३५ नोंदींची. जेटीवरचं यंत्र दर पाच मिनिटांनी पाण्याची उंची मोजून पाठवी. अपूर्वाच्या प्रबंधाला सलग एकोणतीस दिवस हवे होते. मधली एक नोंद गळाली तरी पुन्हा पहिल्यापासून, आणि यंत्र तर उद्या परत जाणार होतं.

१३५ नोंदी म्हणजे ११.१० पर्यंतच्या. घड्याळात १२.०२ झाले होते.

संगणकात न उतरलेल्या बाराच नोंदी यंत्राच्या पोटात मावत. तेरावी सव्वाबाराला येणार आणि पहिलीला पुसणार.

फाइलीच्या मथळ्यातली तारीख चुकली होती. संगणकाची लिनक्स प्रणाली अपूर्वाच्या नावानं ती सुधारू देईना, म्हणून संगणक सांभाळणाऱ्या सलिलनं दिलेला रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड वापरून तिनं दुरुस्त प्रत केली, जुनी फाइल काढली आणि ही तिच्या जागी ठेवली. तेव्हापासून नोंदणीचा प्रोग्राम एकच ओळ दाखवत होता: परवानगी नाही. सलिल दापोलीच्या एसटीत. त्याचा मोबाईल लागत नव्हता.

हरिश्चंद्रकाका जेटीवरची पट्टी वाचून आत आले. वीस वर्षं ते पाणी हातानं नोंदवत होते.

"काय गे बाय, तोंड का सुकलंय?"

"रूटच्या नावानं फाइल मला उघडते काका, लिहूही देते. प्रोग्रामला नाही."

"वही कोणाच्या नावावर हाय?"

"म्हणजे?"

"मी रजेवर गेलो की साहेब वहीवर केरूचं नाव घालतात. त्याबिगर केरू पेन टेकवत नाय. साहेबांनी स्वतःच्या नावाची वही आणून ठेवली, तर साहेब लिहितील. केरू बघत बसेल."

अपूर्वानं फायलींची सविस्तर यादी मागवली. अठ्ठावीस फायलींपुढे मालक 'भरती', म्हणजे प्रोग्रामचं खातं. एकोणतिसावीपुढे 'रूट'.

१२.०९. फाइलीचा मालक बदलायची आज्ञा तिनं आपल्या टिपणवहीत शोधली, टाइप केली. असा वापरकर्ता नाही, संगणक म्हणाला. घाईत एक अक्षर राहिलं होतं.

"सावकाश," काका म्हणाले. "पाणी तुझ्यासाठी थांबायचं नाय, पण बोटं थांबव."

१२.१२. दुसऱ्यांदा संगणकानं कसलीच तक्रार केली नाही. तिनं यादी पुन्हा पाहिली: 'भरती'. प्रोग्राम बंद करून नव्यानं सुरू केला. बारा नोंदी उतरल्या तर १४७ व्हायला हव्यात.

१२.१४ ला तिनं मोजल्या.

१४७. शेवटची १२.१० ची, २.६८ मीटर.