एकोणीस सेकंदांचा मामा

काळुराममामाने डोळ्यांची आखणी सोडली, हे मला निकेशने फोनवर सांगितलं. मी तेव्हा रोह्यात, कंपनीच्या प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत होते. निकेशचा पेणजवळ जोह्यात गणपतींचा कारखाना आहे आणि मामा तिथे बत्तीस वर्षं फक्त मूर्तींचे डोळे काढत आला आहे.

"आता अंगाचा रंग मारतोय. हात थरथरतो म्हणे," निकेश म्हणाला. "वय झालं गो, दुसरं काय."

दुसरं काय, ते मला माहीत होतं. मे महिन्यात मी मामाचा एकोणीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला होता. बुबुळाची रेघ ओढताना मामा श्वास रोखतो. गाल फुगतात, डोळे बाहेर येतात. रेघ पुरी झाली की तो हळूच श्वास सोडतो आणि मूर्ती बघायला लागते. मला ते दाखवायचं होतं. कुणीतरी त्यातली पहिली चार सेकंदं कापून घेतली. रेघ गेली, गाल राहिले. मग त्या गालांवर परीक्षेचा निकाल, वीजबिल, बायकोचा फोन, काहीही चिकटवलं गेलं. पेणच्या स्टँडवर पोरं मामाला बघून गाल फुगवायला लागली. मी माझा व्हिडिओ काढून टाकला, पण तिसऱ्या दिवशी. पहिले दोन दिवस मी व्ह्यूजचा आकडा वाढताना बघत होते.

कापलेल्या क्लिपविरुद्ध तक्रार करायला गेले, तर फॉर्मवर कारण निवडायचं होतं: हिंसा, नग्नता, फसवणूक, द्वेष. मामाचे गाल कशातच बसेनात. मी 'इतर' निवडलं. अकरा सेकंदांत उत्तर आलं, नियमांचा भंग आढळला नाही. मी घड्याळ लावलं होतं.

रोह्याजवळच्या वरसे गावातल्या माझ्या खोलीत एकटी जेवताना मी अशा व्हिडिओ दाखवणाऱ्या कंपन्यांची निवेदनं वाचायला लागले. मजकूर आम्ही बनवत नाही, लोक टाकतात, हे पहिलं. त्यावर मला बोलायला जागा नव्हती. टाकला मीच होता. लोकांना आवडतं तेच दिसतं, हे दुसरं. ते तपासायला मी नवं खातं उघडलं, काही शोधलं नाही, कशाला पसंती दिली नाही. सत्ताविसाव्या क्लिपला मामा आला. आवड कुणाची होती मग? पण एक खातं, एक फोन, एक संध्याकाळ. एवढ्यावर निष्कर्ष काढला असता तर कॉलेजातल्या सरांनी वही परत केली असती.

तिसरं वाक्य असं होतं की आमच्यामुळेच नुकसान झालं, हे ठामपणे सिद्ध झालेलं नाही. हे मला टाकून देता येईना. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी स्वतः अहवालात लिहिते. मामा एकसष्ट वर्षांचा आहे. हात थरथरायला माणसाला व्हिडिओ लागत नाही. आणि खरं सांगायचं तर, कारण वयच निघावं असं मला वाटत होतं.

रविवारी दुपारी जोह्याला पोचले तेव्हा बाकीचे कारागीर जेवायला गेले होते. मामा एकटाच मूर्तीच्या पाठीला रंग देत होता.

"आलीस? डब्यात भात हाय."

"जेवून आले. मामा, हात पुढे कर."

त्याच्या बोटांवर मी कोरा कागद ठेवला. बारीक थरथरसुद्धा कागदाच्या कडेला दिसते. कागद हलला नाही.

"डॉक्टरीण झालीस व्हय?"

"समोरच्या रंगाच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाच."

त्याने अडखळत सगळी वाचली.

"मग एक डोळा काढून दाखव."

त्याने बारीक ब्रश घेतला, श्वास आत ओढला. गाल फुगायच्या आधी त्याची नजर माझ्या हातांकडे गेली. त्याने श्वास सोडून दिला. ब्रशचं टोक हलायला लागलं.

"फोन बॅगेत आहे, मामा."

"माहीत हाय. पण तू हायस ना." त्याच्या आवाजात राग नव्हता. "कुणी बघतंय म्हटलं की गाल आठवतात. बत्तीस वर्षं मला गाल हाईत तेच ठाऊक नव्हतं."

मी बाहेर गेले. भातशेताच्या बांधावर कारखान्याकडे पाठ करून उभी राहिले. पेणची एसटी आली आणि गेली. सहा मिनिटांनी मामाने हाक मारली.

मूर्तीला दोन्ही डोळे होते. रेघ टोकापर्यंत बारीक होत गेली होती, कुठे तुटली नव्हती. हातात काहीच दोष नव्हता.

"निकेशला सांगू?"

"काय सांगशील? बारा माणसं बाहेर काढ, मामाला लाज वाटते? हंगामात?" तो हसला, पण ब्रश धुवायला लागला.

"जेवणाच्या सुट्टीत काढ. मी दर रविवारी येईन. दारात बसेन, कुणाला आत सोडणार नाही."

"आणि तू?"

"मीही बघणार नाही."

त्याने ब्रश फडक्याला पुसला. "मग ये," तो म्हणाला.

पुढच्या रविवारी मी बंद दाराबाहेर स्टूल टाकून बसले. निकेश लवकर परतला.

"सरक गो. मामा काय करतो आत?"

"डोळे."

"मग बघू दे की. माझाच कारखाना हाय ना?"

"अर्धा तास थांब."

तो पायरीवर बसला आणि त्याने फोन उघडला. मी रस्त्याकडे तोंड करून बसून राहिले.