ओळ आली नाही तर

सत्यवती गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी मी एक नियम बदलला. घर माणसांनी भरलेलं होतं आणि सकाळपासून माझा फोन सव्वीस वेळा वाजला होता. शेवटी सासऱ्यांनी हात जोडले. "जावई गारू, पोरगी आत्ताच गेलीय. अकराव्याचं पेद्दकर्म होईपर्यंत तरी ते यंत्र गप्प करा."

माझं ऑफिस विशाखापट्टणमला. किनाऱ्यानं कोळंबी सोलून गोठवणारे अकरा कारखाने आहेत, ते आमच्याकडे जोडलेले. गोठवायला अमोनिया लागतो. तो गळला तर माणसं मरतात. म्हणून प्रत्येक कारखान्यात हवा तपासणारी यंत्रं बसवली आहेत. ती दर दहा सेकंदांनी एक ओळ लिहितात. कुठली खोली, किती वाजले, हवेत किती अमोनिया. तिथली एक पेटी या ओळी आमच्याकडे पाठवते. इथे त्या गोळा होतात, निवडल्या जातात, आणि आकडा पंचवीसच्या वर गेला की फोन वाजतो. या ओळी वाहताहेत की तुंबल्यात, यावर पहारा बसवायचं काम माझं.

त्या आठवड्यात वारा फार होता. किनाऱ्यावर सारखी वीज जात होती. वीज गेली की ओळी थांबायच्या, ओळी थांबल्या की माझा फोन वाजायचा. पहारा मांडताना एक प्रश्न विचारलेला असतो. ओळच आली नाही तर काय समजायचं? धोका, माहीत नाही, की ठीक? आधी तिथे 'धोका' होतं. मी ओल्या धोतरानं ओट्यावर बसून फोनवरच 'ठीक' केलं. फोन थांबला.

कामावर गेलो की पहिल्यासारखं करायचं ठरवलं होतं. विसरलो म्हणणं पूर्ण खरं नाही. फोन वाजत नव्हता ते मला बरं वाटत होतं. सत्यवतीही छातीत दुखतंय असं कधी म्हणाली नव्हती, आणि मी विचारलं नव्हतं.

त्या मंगळवारी साडेअकराला मी बाराव्या कारखान्याची मांडणी करत होतो. शेजारच्या टेबलावरची हारिका भिंतीवरच्या पडद्याकडे बघून म्हणाली, "अप्पलस्वामी गारू, दृष्ट काढा याची. महिना झाला, एक फोन नाही. अकराच्या अकरा चौकोन हिरवे."

"बोललीस ना? आता वाजेल."

"वाजू दे. त्या निमित्तानं तुम्ही कुणाशी बोलाल तरी." आणि मग तिनंच जीभ चावली.

नव्या कारखान्यासाठी नमुन्याला जुन्या ओळी हव्या होत्या. मी भीमिलीजवळचा कारखाना निवडला. माझी मेहुणी पैडितल्ली तिथे कोळंबी सोलते, म्हणून तेच नाव आधी सुचलं. शेवटच्या दहा मिनिटांच्या ओळी मागितल्या. एकही नाही. शेवटचा तास मागितला, नाही. शेवटचा दिवस, नाही. मग मी शेवटची ओळ कुठली ते विचारलं.

एकोणीस दिवसांपूर्वीची होती. दुपारी दोन वाजून चार मिनिटं, कंप्रेसरची खोली, आकडा नऊ. त्याच्या आदल्या दिवशी सहा होता. त्याच्याही आदल्या दिवशी तीन.

पडद्यावर भीमिलीचा चौकोन हिरवागार होता.

मी तिथल्या सुपरवायझरला, गणपतिराजूला, फोन लावला. "राजू गारू, कंप्रेसरच्या खोलीत आकडा काय आहे?"

"आकडा तुम्ही सांगायचा की! इथला डबा मला काय कळतो? मी रोज सकाळी फोनवर तुमचा हिरवा चौकोन बघतो आणि बायकांना आत सोडतो."

"वास येतोय?"

"कोळंबीचा येतो. अत्तराचा कारखाना आहे का हा?" तो हसला. "बायका कुरकुरतात, डोळे चुरचुरतात म्हणून. मी त्यांना फोन दाखवतो. म्हणतो, तुझं नाक शहाणं की विशाखापट्टणमचा कंप्युटर?"

"आणि तुमचा तिथला गळतीचा भोंगा?"

"धुताना पाणी गेलं त्यात. दुरुस्तीला दिलाय."

"राजू गारू, सगळ्यांना बाहेर काढा. तो हिरवा खोटा आहे."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो. मीच केलाय तो."

तो म्हणाला, "अर्धा टन माल टेबलावर आहे, बर्फ वितळतोय. लेखी पाठवा, मग बघू." आणि फोन ठेवला.

हारिका उठून माझ्यामागे उभी राहिली होती. तिला म्हटलं, "अग्निशमनला फोन कर. भीमिली, अमोनिया, एवढंच सांग." मी पैडितल्लीला लावला. कारखान्यात बायकांना फोन नेऊ देत नाहीत, पण ती टोळीची मेस्त्री, तिच्या ॲप्रनमध्ये असतो.

"बावा? तुम्ही? या वेळी?"

"घसा का बसलाय तुझा?"

"माझा एकटीचा कुठे? सगळ्यांचाच बसलाय. राजू म्हणतो, थंडीनं. नीलवेणी काल उलट्या करून आडवी झाली, आज परत आलीय. आम्ही मास्कवर मास्क बांधलेत."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तुमचंच यंत्र ठीक म्हणत होतं. मी पोरींना म्हटलं, माझ्या बावानं बसवलंय, चुकायचं नाही. आपलीच नाकं बिघडली असतील."

मला उभं राहावं लागलं. "पैडी, ऐक. चुकलंय. सगळ्यांना घेऊन बाहेर हो, आत्ता. वारा समोरून येईल अशा बाजूला चालत राहा. किती जणी आहात?"

"त्रेसष्ट. आणि राजू?"

"राजू नाही म्हणतोय."

"त्याला मी बघते."

तिनं फोन तसाच चालू ठेवला. "ए पोरींनो! ठेवा ते खाली! बूट राहू देत, टोप्या राहू देत, चला!" स्टीलची पाटी पडल्याचा आवाज झाला. राजू ओरडत होता. ती त्याला म्हणाली, "तू बस आत. तुझं नाक कंप्युटरकडे दे पाठवून!" मग नुसती पावलं आणि खोकला. इतक्या बायका एकदम खोकताना मी कधी ऐकल्या नव्हत्या.

बऱ्याच वेळानं ती मोठ्यानं मोजू लागली. बासष्टवर थांबली. परत पहिल्यापासून मोजलं, परत बासष्ट.

"नीलवेणी नाही, बावा."

"तू आत जाऊ नकोस."

फोनवर आता वारा होता आणि एक बाई रडत होती. पैडितल्ली काही बोलत नव्हती, पण तिचा श्वास ऐकू येत होता, म्हणून मला कळलं की ती आत गेली नाही. मग कुणीतरी ओरडलं. राजू येत होता, नीलवेणीला खांद्यावर टाकून. कंप्रेसरच्या भिंतीपाशी पडलेली सापडली म्हणाला.

"डोळे उघडलेत तिनं," पैडितल्ली म्हणाली. "पण राजूला काही दिसत नाहीये."

लांबून बंबाची घंटा येऊ लागली तेव्हा मी फोन ठेवला.

"पण ओळी थांबल्या का?" हारिकानं विचारलं.

मी पेटीची नोंद उघडली. प्रत्येक पेटी आमच्याकडे ओळ देताना एक किल्ली दाखवते, मीच अमुक कारखान्याची म्हणून. ती किल्ली एका वर्षाची असते. भीमिलीची एकोणीस दिवसांपूर्वी संपली होती, दुपारी दोन वाजून चार मिनिटांनी. नवी मी करून द्यायची असते.

"ही किल्ली एकटीच केली होती?"

मला आठवत होतं. गेल्या वर्षी त्या दिवशी सत्यवतीनं डब्यात पुलिहोरा, चिंचेचा भात, दिला होता आणि मी जेवणाआधी एका बैठकीत चार किल्ल्या केल्या होत्या.

नियमाचं पान उघडलं. ओळ आली नाही तर काय समजायचं? 'ठीक' पुसून 'धोका' केलं आणि जतन केलं. पडद्यावर काही झालं नाही. मग भीमिलीचा चौकोन लाल झाला, आणि त्याच्यामागोमाग आणखी तीन. माझा फोन वाजू लागला. मी तो बंद करून टेबलावरचा फोन ओढला.

"त्या तिघांतला खालचा तू घे," मी हारिकाला म्हटलं.

माझ्या पहिल्या कारखान्यात फोन बराच वेळ वाजला, कुणी उचलला नाही. दुसऱ्यात लगेच उचलला.

"बोला गारू! आमच्याकडे सगळं ठीक. सकाळीच बघितलं, हिरवं आहे."

"वास येतोय का?" मी विचारलं.

उत्तर देण्याआधी तो खोकला.