अडकलेलं संत्रं

नदीकाठच्या मोकळ्या जागेत सुताराने नव्या कारखान्यासाठी खुंट्या मारून दोरी ताणली होती. उद्या तिथे काँक्रीट ओतायचं आणि त्यावर फळ्या तासायचं नवं रंधायंत्र बसवायचं. यंत्र हत्तीसारखं जड. एकदा बोल्ट आवळले की पूर आला तरी ते जागचं हलायचं नाही. म्हणून त्याने धाकट्या बहिणीला बोलावून घेतलं. पुराचं पाणी कुठवर येईल याची गणितं ती करायची.

तिने टेबलावर नकाशा पसरला. पाण्याची कड रेघेसारखी नव्हती. एक निळा पट्टा होता, नदीकडे गडद आणि वर जाताना फिका होत गेलेला. दोरीची जागा पट्ट्याच्या जरा वर, कोऱ्या भागात येत होती.

"अगं, मला सरळ रेघ दे ना," सुतार म्हणाला. "इथवर ओलं, इथून कोरडं. एक घाव दोन तुकडे!"

"नदी म्हणजे तुझी फळी आहे का, दादा?"

सुताराची मुलगी नकाशावर ओणवी झाली. दिवसभर 'का? का?' विचारायची, म्हणून घरात तिला कावळीच म्हणत.

"आत्या, इथे शाई फुटली का?"

"नाही गं. मला नक्की माहीत नाही, तेवढं मी फिकं रंगवलंय."

"माहीत नाही ते रंगवता येतं?"

आत्याने टोपलीतली तीन संत्री उचलली. "चल, दाखवते."

"बघा, सल्ला फुकट आणि संत्री माझी!" सुतार मागून ओरडला.

पुलावर कावळीने विचारलं, "संत्रीच का? पानं का नको?"

"पान वाऱ्याचं ऐकतं. संत्रं जवळजवळ सगळं पाण्यात बुडून तरंगतं, ते पाण्याचंच ऐकतं."

दोघींनी ती एकाच ठिकाणी टाकली. पहिलं मधल्या धारेतून सुसाट गेलं. दुसरं काठाकाठाने रमतगमत निघालं. तिसरं लव्हाळ्यात शिरलं आणि अडकून बसलं.

"ते बाद! त्याला मोजायचं नाही."

आत्या मात्र त्याच्याकडेच बघत होती. "ही लव्हाळी कधी वाढली?"

"मागे काठ साफ केला होता. नंतर कोणी फिरकलंच नाही."

"नदी किती खडबडीत आहे, ते कॉम्प्युटरला सांगावं लागतं," आत्या सावकाश म्हणाली. "नक्की कोणालाच ठाऊक नसतं. म्हणून मी त्याला पुष्कळ अंदाज सांगते आणि दर अंदाजाला तोच पूर त्यात पुन्हा आणते. सगळे अंदाज 'पाणी' म्हणतात तिथे गडद, थोडेच म्हणतात तिथे फिकं. पण माझे सगळे अंदाज साफ काठाचे होते."

"म्हणजे तुला काय माहीत नाही, तेच तुला माहीत नव्हतं?"

"अगदी तसंच! आता सांग, पुढचं पाणी अडखळलं तर?"

कावळीने विचार केला. "दारात कोणी थांबलं की मागे गर्दी होते. पाण्याचीही होईल. ते वर चढेल!"

घरी येऊन आत्याने लव्हाळ्यांचा अंदाज धरून गणित पुन्हा चालवलं. फिका निळा पट्टा दोरी ओलांडून वर गेला.

"मघाशी बोटभर होता, आता वीतभर!" सुतार वैतागला. "आणखी अभ्यास केलास तर सगळ्यांना बुडवशील."

"पाणी वाढलं नाही, दादा. माझी खोटी खात्री कमी झाली."

"मग मी काय करू? वर कोरी जागा आहे चिंचोळी. सगळा कारखाना तिथे मावत नाही."

कावळीचं बोट फिक्या निळ्यावरून फिरत होतं. "बाबा, फळ्या उचलून नेता येतात?"

"येतात की."

"आणि यंत्र?"

"ते कोण उचलणार, तू?"

"मग फळ्या फिक्यात ठेव. यंत्र तेवढं कोऱ्यात."

सुताराने नकाशा पाहिला, मग लेकीकडे पाहिलं. तो बाहेर जाऊन खुंट्या उपटू लागला.

"कोऱ्यात पाणी येणारच नाही, असं मी म्हणत नाहीये हं," आत्याने दारातून बजावलं.

"तू कधी काही नक्की म्हणतेस का!" तो हसला. "कावळे, दोरीचं टोक धर. आणखी वर. आणखी."

दोरी वरच्या अंगाला ताणून झाल्यावर कावळी आत्याजवळ आली.

"ते संत्रं अजून तिथेच असेल?"

"बहुतेक."

"किती बहुतेक?"

आत्याने पायात चपला सरकवल्या.