दवाखान्याच्या दारातली सतरंजी

मित्रांनो, शाळेच्या अडगळीच्या खोलीत, मोडक्या बाकांमागे गुंडाळून ठेवलेली मी एक जुनी सतरंजी आहे. माझा एक कोपरा फाटलेला आहे. त्याची मला लाज वाटत नाही, आणि तुम्हीही मला बिचारी म्हणू नका. तो कसा फाटला, तेवढं ऐकून घ्या.

जालना जिल्हा नवा झाला, त्याच साली जालन्यात निजामोद्दीन चाचांच्या मागावर माझा जन्म झाला. "भजनाला जाणार ही. ठोकून विणा, जल्दी करू नका," असं ते आपल्या मुलांना सांगत. अंबड तालुक्यातल्या एका गावच्या बायकांच्या भजनी मंडळाने मला घेतलं. एकादशीला मला अंथरत. टाळांचा नाद माझ्या सुतासुतात मुरायचा. वाटलं, सारा जन्म असाच नामस्मरणात जाईल.

पण काही वर्षांनी मंडळातल्या चतुराबाईंची लेक कौसल्या मला मागायला आली. ती औरंगाबादला अर्थशास्त्रात एम.ए. करत होती. तिने आरोग्यनीतीचा अभ्यास गट काढला होता. सरकार दवाखाना कुठे बांधतं, कधी उघडतं, कुणाच्या सोयीने उघडतं, हे वेगवेगळे विषय शिकणाऱ्या मुलांनी मिळून तपासायचं. एम.डी. करणारा महेमूद, वकिली शिकणारा भुजंग आणि परभणीला शेतकीत एम.एस्सी. करणारा रामकिसन, सगळे याच भागातले, रविवारी घरी येणारे.

"शिकल्या-सवरल्या पोरांना खुर्च्या लागतात. सतरंजी कशाला?" चतुराबाईंनी विचारलं.

"खुर्च्या दिल्या तर महेमूद पुढचीच धरून बसंल, आई."

तसंच होतं ते. महेमूद बोलायला लागला की थांबत नसे, भुजंग कलमांशिवाय बोलत नसे आणि रामकिसन भिंतीला टेकून पेंगायचा. एका रविवारी कौसल्या हळूच म्हणाली, "आजपासून नेम. ज्याचा विषय, त्याने शेवटी बोलायचं. आजार निघाला की महेमूद शेवटी. कायदा निघाला की भुजंग."

"मंग तोवर मी काय करू? टाळ वाजवू?" महेमूदने विचारलं.

"वाजव. सतरंजी भजनाचीच आहे."

गरोदर बाया तपासणीला दवाखान्यात का येत नाहीत, हा पहिला प्रश्न निघाला. बायांनाच विचारू, असं ठरलं. पुढच्या रविवारी सकाळी अकराला शाळेच्या ओसरीवर सभा बोलावली. मला झटकून अंथरलं. एक कोंबडी आली, माझ्यावर घाण करून गेली. दुसरं कुणी आलं नाही. महेमूदला 'अडाणीपणा' म्हणायचं होतं, पण नेम होता. ओठ दाबून बसला. तेवढ्यात रामकिसनला हसू फुटलं.

"कापूस फुटलाय अन् आपण अकराला सभा ठेवून राह्यलो! बाया वेचणीला गेल्यात. दवाखाना तरी कधी उघडा असतो? नऊ ते बारा. म्हंजे आपणबी त्याच्याच जातीचे!"

महेमूदची पाळी आली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "बराबर आहे."

गावचा बाजार बुधवारचा. त्या दिवशी बायांच्या हातात मजुरी पडते आणि दुपारून रान सुटतं. नेमकं तेव्हाच दवाखान्याला कुलूप. बाजारच्या दिवशी दवाखाना दिवेलागणीपर्यंत उघडा ठेवा, अशी मागणी गटाने केली. अर्जामागून अर्ज गेले. उत्तर आलं, वेळ वर ठरते.

मग एका बुधवारी दुपारी कौसल्येने मला दवाखान्याच्या दारातच अंथरलं. बाया बाजाराच्या पिशव्यांसकट माझ्यावर येऊन बसल्या. मधोमध नंदाबाई. आठवा महिना, पाय सुजलेले, पहिलं लेकरू पोटातच गेलेलं. "हेबी गेलं तर मी कुणाकडं बघू, ताई?" असं ती कौसल्येच्या कानात म्हणाली. माझ्या सुताने ते ऐकलं.

तालुक्याचे साहेब जीपमधून उतरले. "उठा! सरकारी दार अडवता? पदव्या घ्यायच्यात ना तुम्हाला? कॉलेजला कळवू का?" त्यांच्या शिपायाने माझा कोपरा धरून हिसका दिला. टर्रकन फाटला. पण मी जागची हलले नाही. कशी हलेन? बायांनी मांड्या अजून घट्ट घातल्या.

कौसल्येचा आवाज कधी चढत नसे. तेव्हाही चढला नाही.

"साहेब, या, बसा. इथं एक नेम आहे. दवाखाना तुमचा विषय, म्हणून तुम्ही शेवटी बोलायचं. आधी नंदाबाई."

नंदाबाईने पदर सावरला. "साहेब, येळ वर ठरती म्हनता. मंग बाळंत व्हायलाबी वरच्यांनाच लावा की! आमी कामून जीव द्यावा?"

बाया खो-खो हसल्या. शिपाईसुद्धा हसला. साहेब बसले नाहीत. मागच्या क्वार्टरमधून सिस्टर किल्ली घेऊन आली.

"आजच्यापुरतं उघडा," साहेब पुटपुटले.

"पुढच्या बुधवारीबी आम्ही इथंच आहोत," कौसल्या म्हणाली.

नंदाबाईचं ब्लडप्रेशर फार वाढलेलं निघालं. साहेबांच्याच जीपमधून तिला जालन्याला नेलं. मुलगी झाली, रडकी आणि धडधाकट. इकडे कौसल्येला कॉलेजात बोलावणं आलं. गट बंद कर, नाहीतर परीक्षेला बसता येणार नाही, असं सुनावलं गेलं. तिने खाली मान घालून ऐकून घेतलं आणि बुधवारी मला खांद्यावर टाकून निघाली. तो सबंध हिवाळा माझा नेम चुकला नाही. शिमग्याच्या सुमाराला आदेश आला. बाजारच्या दिवशी दवाखाना संध्याकाळपर्यंत उघडा राहू लागला. कौसल्या परीक्षेलाही बसली.

पुढे ती चौघं नोकऱ्यांच्या गावी गेली. नवी पोरं आली, मग तीही येईनाशी झाली. मला उंदीर लागले. परवा मुख्याध्यापक म्हणाले, "हिची पायपुसणी करा." ऐकून अंगाची आग झाली. मी पायपुसणं व्हायला जन्मले नाही.

मित्रांनो, या खिडकीतून समोरचा दवाखाना दिसतो. सिस्टरची जागा भरलेली नाही, आणि बुधवारी बारालाच पुन्हा कुलूप लागू लागलंय. काल एक बाई पोट सावरत आली, कुलूप हलवून बघितलं आणि माघारी गेली.

जुनी वस्तू जपा, हे मीही सांगते. पण डांबराच्या गोळ्या घालून मला कोनाड्यात निजवू नका. ऊन दाखवा. भोकं पडलीत तिथे गोधडीचे टाके घाला. आणि येत्या बुधवारी दुपारी दोघांनी माझी दोन टोकं धरा. अजून माझ्यावर वीस-पंचवीस जणी सहज बसतात. कुठे अंथरायचं, ते आता तुम्हाला माहीत आहे.